घरात कुत्रा-मांजर आहे? मग दवाखाना आजारपणाआधीच ठरवून ठेवा

आमच्याकडे खारी आहे, सात वर्षांची देशी कुत्री, रंग अगदी बेकरीतल्या खारीसारखा म्हणून ते नाव, आणि गोट्या नावाचा बोका आहे जो एका पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमधून जिना चढून वर आला आणि राहिलाच. खारी दोन वर्षांची असताना मे महिन्यात तिचं खाणं कमी झालं, बाथरूमच्या दारातल्या गार फरशीवर दिवसभर पडून राहायची, आणि मला वाटलं उन्हाळा आहे, होतं असं. जवळच्या एका क्लिनिकमध्ये नेलं तर तापाचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं, रक्त तपासलं नाही, मीही विचारलं नाही. पाचव्या दिवशी तिचा ओठ वर केला तर हिरड्या गुलाबी नाहीत, पांढरट, कागदासारख्या. दुसऱ्या डॉक्टरांकडे पळालो, त्यांनी रक्त काढता काढता चार प्रश्न विचारले: खाणं नक्की कधीपासून कमी झालं, महिन्यापूर्वी वजन किती होतं, गोचीड शेवटचा कधी दिसला, गोचिडाचं औषध कोणत्या तारखेला दिलं. मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. टिक फिवर होता, म्हणजे गोचीड चावल्याने होणारा आजार, प्लेटलेट्स एकदम खाली आलेल्या. ती वाचली, पण ते चार प्रश्न माझ्या डोक्यात राहिले ते राहिलेच. दवाखान्याचा खरा उपयोग व्हायचा असेल तर अर्धी तयारी आपल्याला घरी, प्राणी ठणठणीत असताना करावी लागते. ती कशी करायची ते सगळं इथे लिहितेय.

सगळ्यात आधी दवाखाना शोधा, आणि प्राण्याला न घेता एकदा जाऊन या

दवाखाना निवडताना अंतर बघा, पण मॅपवर सकाळी सहाला दिसणारं अंतर नको, आमच्या पुण्यात संध्याकाळी सातला कर्वे रोड किंवा सिंहगड रोड तुंबलेला असताना किती वेळ लागतो ते बघा. बरेच दवाखाने दुपारी बंद असतात, म्हणून दुपारी आणि रात्री कोण असतं, त्यांच्याकडे नसेल तर ते कुठे पाठवतात, हे स्पष्ट विचारा आणि तो दुसरा नंबरही त्याच दिवशी फोनमध्ये सेव्ह करा. पेठांमध्ये राहणाऱ्यांनी अजून एक करा, विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोड, केळकर रोड, टिळक रोड सगळं बंद असतं आणि मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, तेव्हा आपल्या बाजूने कुठल्या रस्त्याने बाहेर पडून कुठल्या दवाखान्यात जाता येईल ते आधीच ठरवलेलं बरं.

आत गेल्यावर काय बघायचं? डॉक्टरांचं शिक्षण आणि रजिस्ट्रेशन नंबर. बीव्हीएससी अँड एएच ही पदवी असते आणि राज्याच्या पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी असावी लागते. पेट शॉपवाला, ब्रीडर किंवा ग्रूमिंगवाला 'मीच लस टोचतो, स्वस्तात' म्हणाला तर सरळ नाही म्हणा. मग विचारा की रक्ताचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, तिथेच होतो का, एक्स-रे आहे का, ऑक्सिजन आहे का, सलाईनवर ठेवायची सोय आहे का. सगळं एकाच ठिकाणी नसलं तरी चालतं, छोट्या क्लिनिकमध्येही फार चांगले डॉक्टर असतात, फक्त जे नाही ते कुठून करून घेतात हे त्यांना सांगता आलं पाहिजे. लस २ ते ८ डिग्रीत ठेवावी लागते, म्हणून फ्रीज आहे का आणि लाईट गेली तर काय करता हे विचारायला लाजू नका, चांगला डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाही. माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते प्राण्याला धरतात कसं. घाबरलेल्या मांजराला मानगुटीला धरून टेबलावर दाबणारा दवाखाना असेल तर मी परत जात नाही.

पैशाचंही आधीच बोला. 'अंदाजे खर्च किती येईल, त्यात आज काय अत्यावश्यक आहे आणि काय दोन दिवसांनी चालेल' हे विचारणं कंजूषपणा नाही. दर महिन्याला थोडे पैसे वेगळे ठेवा, कारण आजारपण पगाराची तारीख बघून येत नाही. अगदीच अडचण असेल तर औंधला सरकारी पशुवैद्यकीय चिकित्सालय आहे, तिथे खर्च बराच कमी येतो, गर्दी असते म्हणून लवकर जा.

दवाखाना ठरला की प्राण्याला एकदा नुसतं घेऊन जा. वजन करायचं, कंपाउंडरच्या हातून एखादा खाऊ द्यायचा आणि घरी यायचं, सुई नाही काही नाही. खारीला आम्ही असं तीन-चार वेळा नेलं आणि आता ती स्वतःहून वजनकाट्यावर चढून उभी राहते. मांजराची बॅग आदल्या दिवशी माळ्यावरून काढू नका, आठवडाभर आधी हॉलमध्ये उघडी ठेवा, आत त्याच्या वासाचा टॉवेल, थोडा खाऊ. मग जाताना वरून चादर टाकायची आणि रिक्षात बॅग मांडीवर घट्ट धरायची. दवाखान्यात बॅग जमिनीवर ठेवू नका, कुत्री येऊन हुंगतात आणि बोका तिथेच अर्धा मरतो भीतीने.

वही करा

दोनशे पानी साधी वही पुरे, मोबाईलमध्येही चालेल पण वही घरातल्या सगळ्यांना सापडते. त्यात तुमच्या प्राण्याचं 'नॉर्मल' लिहायचं. कारण पुस्तकात लिहिलेलं नॉर्मल एक असतं आणि तुमच्या प्राण्याचं थोडं वेगळं असू शकतं.

वजन महिन्यातून एकदा. घरच्या काट्यावर आधी तुम्ही एकटे उभे राहा, मग त्याला उचलून, वजाबाकी करा. बोक्याचं चार किलोचं साडेतीन झालं तर डोळ्यांना कळत नाही, पण ते म्हणजे ऐंशी किलोच्या माणसाचं दहा किलो उतरण्यासारखं आहे.

हिरड्या आठवड्यातून एकदा बघा. ओठ हळूच वर करायचा, गुलाबी ओलसर हिरडी दिसली पाहिजे, बोटाने दाबली की पांढरी होते आणि सोडली की दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी होते. काहींच्या हिरड्या मुळात काळ्या असतात, मग डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघा.

श्वास गाढ झोपेत असताना मोजायचा, छाती वर-खाली म्हणजे एक. मिनिटाला तीसच्या आत असतो. रोज तीसच्या वर जायला लागला, विशेषतः म्हाताऱ्या कुत्र्यात किंवा हृदयाचा त्रास असलेल्यात, तर डॉक्टरांना लगेच फोन करा.

ताप हात लावून कळत नाही हे कृपया लक्षात घ्या. कुत्र्या-मांजराचं साधं तापमानच १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे ते आपल्याला कायम गरमच लागतात, आणि नाक गार की कोरडं यावरूनही काही कळत नाही. केमिस्टकडून लवचिक टोकाचा डिजिटल थर्मामीटर आणा, तो फक्त त्यांच्यासाठी. टोकाला थोडं व्हॅसलीन, एकाने डोकं कुशीत घेऊन बोलत राहायचं, दुसऱ्याने शेपूट वर करून गुदद्वारातून इंचभर आत. बीप वाजली की खाऊ. जास्त झटापट करायला लागला तर सोडून द्या, दवाखान्यात बघतील.

आणि हो, शी-शू, पाणी किती पितो, उलटी, फिट, प्रत्येक औषधाची तारीख, सगळं त्याच वहीत.

लसी आणि जंताचं औषध

पिल्लाची पहिली लस साधारण सहा ते आठ आठवड्यांची असताना, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत. आईच्या दुधातून आलेलं संरक्षण लसीला आड येतं आणि ते नक्की कधी संपतं हे प्रत्येक पिल्लात वेगळं, म्हणून इतके डोस, डॉक्टर उगाच बोलावत नाहीत. यात पार्वो, डिस्टेंपर, हिपॅटायटिस, लेप्टो या रोगांवरची लस येते. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर आणि मग दरवर्षी. मांजरांची लस आठ आठवड्यांपासून सुरू होते, आणि 'आमचं मांजर घराबाहेरच जात नाही' म्हणून रेबीज टाळू नका, दार उघडं राहायला एक मिनिट लागतं.

लस देताना डॉक्टर बाटलीवरचं छोटं स्टिकर सोलून कार्डावर चिकटवतात, त्यावर बॅच नंबर आणि एक्सपायरी असते. ते चिकटवलंय का, शेजारी तारीख, सही, शिक्का आहे का ते तिथेच बघा. पालिकेचं कुत्र्याचं लायसन्स काढताना रेबीजचं हेच सर्टिफिकेट मागतात, बोर्डिंगमध्ये ठेवतानाही. लस झाल्यावर अर्धा तास दवाखान्याच्या आसपासच थांबा. तोंड सुजलं, अंगावर गांधी उठल्या, उलट्या झाल्या तर लगेच आत न्यायचं. सोळा आठवडे पूर्ण होऊन शेवटचा डोस होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर, बागेत जमिनीवर सोडू नका, उचलून जग दाखवा. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो, आपल्या चपलेवरूनही घरात येतो.

जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, मग दर तीन महिन्यांनी. डोस वजनावर ठरतो, म्हणून अंदाजाने नको.

गोचीड

यावर मी जास्त लिहिणार, कारण पुण्यात उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात कुठल्याही दवाखान्यात सलाईन लावलेल्या कुत्र्यांमध्ये टिक फिवरवाले हमखास असतात.

गोचीड रक्त पिताना एर्लिकिया, बबेसिया असे जंतू रक्तात सोडतो. लक्षणं सुरुवातीला फार साधी दिसतात. खाणं कमी, सुस्ती, ताप, चालायला कंटाळा. पुढे हिरड्या फिक्या पडतात, पोटावर लाल-जांभळे ठिपके, नाकातून रक्त, बबेसियात लघवी गडद चहासारखी. अंगावर एकही गोचीड नसला तरी टिक फिवर असू शकतो, तो चावून केव्हाच गेलेला असतो. म्हणून ताप आणि सुस्ती असेल तर 'डॉक्टर, सीबीसी आणि ब्लड स्मिअर करूया का' हे तुम्ही स्वतः विचारा (स्मिअर म्हणजे रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं). मी तेव्हा विचारलं असतं तर खारीचे चार दिवस वाया गेले नसते.

औषध मिळालं की कोर्स पूर्ण करा. एर्लिकियाला डॉक्सीसायक्लिन साधारण २८ दिवस देतात आणि कुत्रं चौथ्या-पाचव्या दिवशी उड्या मारायला लागतं, तिथेच लोक गोळी बंद करतात आणि महिन्याभराने परत तेच. गोळी उपाशीपोटी देऊ नका, उलटी होते. मांजराला ही गोळी दिली तर मागोमाग थोडं पाणी किंवा पातळ खाऊ द्यायलाच पाहिजे, घशात अडकली तर अन्ननलिका भाजून निघते. कोर्स संपल्यावर रक्त परत तपासा.

आता टाळायचं कसं. फिरून आलं की रोज पाच मिनिटं हात फिरवा: कानाच्या आत आणि मागे, पट्ट्याखाली, काखेत, शेपटीच्या बुडाशी आणि बोटांच्या बेचक्यात. खारीच्या पुढच्या उजव्या पायाच्या बेचक्यात मला एकदा मसुरीच्या डाळीएवढा सापडला होता, वरून काहीच दिसत नव्हतं, फक्त ती तो पाय सारखी चाटत होती. चिमट्याने अगदी कातडीजवळ धरून सरळ वर ओढायचा, पिळायचा नाही, रॉकेल किंवा अगरबत्ती लावायची नाही, हाताने चिरडायचा नाही. दुसरं, औषध. ब्रॅव्हेक्टोसारखी गोळी साधारण तीन महिने चालते, नेक्सगार्ड महिनाभर, शिवाय मानेवर टाकायचे थेंब मिळतात. कुठलं द्यायचं ते डॉक्टर ठरवतील, फिट्स येत असतील तर आवर्जून सांगा. तिसरं आणि लोक विसरतात ते म्हणजे घर: मादी पोट भरलं की खाली उतरून भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीत, पलंगाखाली हजारोंनी अंडी घालते, त्यामुळे अंथरूण गरम पाण्यात धुणं, भेगा बुजवणं, गरज पडली तर फवारणी, हे केल्याशिवाय सुटका नाही.

एक कळकळीची विनंती, कुत्र्याचं गोचिडाचं औषध मांजराला लावू नका. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर मांजराला झटके येतात, जीवही जातो. आणि कॉली, शेल्टी जातीच्या कुत्र्यांना आयव्हरमेक्टिनचं (जंत-किड्यांवरचं औषध) इंजेक्शन धोक्याचं असतं, डॉक्टरांना जात सांगा, मिश्र असेल तर तेही सांगा.

ऋतू आणि सण

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी गाठतो. हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद ठेवून बघा, तुम्हाला ठेववत नसेल तर त्याचे पायही भाजणार, म्हणून फिरणं सकाळी लवकर किंवा रात्री उशिरा. पग, शिह त्झू, फ्रेंच बुलडॉग अशा चपट्या नाकाच्यांना उष्माघात फार पटकन होतो. जोरजोरात धापा, चिकट लाळ, लालभडक जीभ, झोकांड्या दिसल्या तर नळाचं साधं पाणी अंगावर ओता, पंखा लावा आणि लगेच दवाखाना, बर्फ नको. आधी गार करायचं, मग न्यायचं. बंद गाडीत दोन मिनिटंही ठेवू नका.

पावसाळ्यात लेप्टो. उंदराच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात येतो आणि तो माणसांनाही होतो. डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका, लेप्टोची लस दरवर्षी घ्या. वेताळ टेकडी, तळजाईला जाणाऱ्यांनी पावसाळ्यात पट्टा सोडू नका, गवतात घोणस, नाग असतात. साप चावला तर वर दोरी बांधू नका, कापू-चोखू नका, कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या. प्रतिविष सगळ्या दवाखान्यांत नसतं, कुठे आहे ते आजच विचारून वहीत लिहा.

दिवाळीच्या फटाक्यांसाठी आणि गणपतीतल्या डीजेसाठी डॉक्टरांना दहा-पंधरा दिवस आधी भेटा, घाबरट प्राण्यांसाठी औषधं असतात पण ती तपासून, आधी एकदा थोडी देऊन बघावी लागतात. संध्याकाळी लवकर फिरवून आणा, खिडक्या बंद, आतल्या खोलीत अंथरूण, आणि गळ्यात फोन नंबरचा बिल्ला हवाच. शक्य असेल तर मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसणारी ओळख-नंबराची बारीक चिप, बसवून घ्या.

फ्लॅटमध्ये मांजर असेल तर गॅलरी आणि खिडक्यांना जाळी लावा. मांजर पडत नाही, हा गैरसमज आहे. कबुतरामागे झेप घेतलेली मांजरं दवाखान्यात जबडा आणि पाय मोडून येतात.

घरातली औषधं आणि खाणं

क्रोसिन, डोलो, कॉम्बिफ्लाम, काहीही स्वतःच्या मनाने देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. कांदा-लसूण शिजवलेलासुद्धा नको, मनुके-द्राक्षं नकोत (दिवाळीतला लाडू, शिरा, पुलाव आठवा), चॉकलेट नको, शुगरफ्री च्युइंगम नको, शिजवलेली हाडं नकोत. मांजर असलेल्या घरात लिलीचा गुच्छ आणू नका, परागकण चाटले तरी किडनी जाते. बऱ्याच शाकाहारी घरांत कुत्रं फक्त दूध-पोळीवर असतं, प्रेमानेच, पण त्यावर भागत नाही, डॉक्टरांशी बोलून अंडं, पनीर, तयार खाणं असं काहीतरी बसवा. मांजराला तर टॉरिन हे पोषकद्रव्य लागतंच, ते मांसातूनच येतं, नाहीतर डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात.

विषारी काही खाल्लं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा प्रयत्न करू नका, त्यानेच जीव जाऊ शकतो. फोन करा आणि पाकीट सोबत न्या. उंदराच्या काही औषधांचा परिणाम दोन-तीन दिवसांनी रक्तस्राव होऊन दिसतो, म्हणून 'खाल्लं पण ठीक आहे' असं समजून थांबू नका.

ताबडतोब निघायचं ते कधी

बोका सारखा रेतीच्या ट्रेमध्ये जाऊन बसतोय, कुंथतोय, ओरडतोय आणि लघवी येत नाही. गोट्याला हे झालं होतं, रात्री साडेअकराला, मला आधी वाटलं बद्धकोष्ठ आहे, पण ट्रे हलवून बघितला तर ओला गोळा एकही नव्हता, सकाळपासून. लघवीचा मार्ग बंद झालेला बोका एक-दोन दिवसांत दगावतो, सकाळची वाट बघायची नाही. रात्री उघडा असलेला दवाखाना वहीत लिहिलेला होता म्हणून अर्ध्या तासात पोचलो, कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, टाकून मोकळं केलं.

तसंच श्वासाचा त्रास, फिके किंवा निळसर हिरड्या, फिट, मोठ्या कुत्र्याचं पोट फुगून नुसत्या कोरड्या उलट्या, पिल्लाला रक्ताचे जुलाब, नसबंदीचं ऑपरेशन न झालेली कुत्री माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत खूप पाणी पितेय आणि खालून स्राव येतोय, त्याला पायोमेट्रा म्हणतात, गर्भाशयात पू होतो. हे शेवटचं टाळायचं असेल तर नसबंदी वेळेत करा. ऑपरेशनआधी रक्त तपासणी करायला सांगा आणि उपाशी किती तास ठेवायचं ते लिहून घ्या. आणि मांजराने दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर 'रुसलंय' म्हणू नका, त्याचं लिव्हर बिघडायला लागतं.

कुठल्याही प्राण्याने चावलं, अगदी घरच्यानेसुद्धा, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना काही लावायचं नाही आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जाऊन रेबीजची इंजेक्शनं सुरू करायची. रेबीजची लक्षणं दिसल्यावर माणूस जवळपास वाचतच नाही.

डॉक्टरांसमोर

खोकला, लंगडणं, फिट याचा मोबाईलवर व्हिडिओ काढून न्या, दवाखान्यात गेल्यावर ते हमखास थांबतं. जुलाब असतील तर शीचा नमुना स्वच्छ डबीत, चार-सहा तासांच्या आतला. जो त्याला रोज खायला घालतो त्यानेच जावं, आमच्याकडे ती माझी आई आहे, आणि तिला जे कळतं ते मला कळत नाही. घरी काही औषध दिलं असेल, चुकून का होईना, ते लपवू नका, डॉक्टर रागावले तर रागावू देत. निघायच्या आधी तीन गोष्टी विचारून वहीत लिहा: काय झालंय असं वाटतं, औषध किती दिवस आणि खाण्याआधी की नंतर, आणि काय दिसलं तर परत आणायचं. सात वर्षांच्या पुढे वर्षातून दोनदा तपासणी, रक्त, लघवी, दात.

आमच्या फ्रीजवर एक कागद लावलाय, त्यावर दोन दवाखान्यांचे नंबर, एक रात्रीचा, पेट कॅबवाल्याचा नंबर, दोघांचं वजन आणि शेवटच्या लसीची तारीख. फ्रीजच्या शेजारी खुंटीला पिशवी, तिच्यात फाईल, वही, जुना टॉवेल, जास्तीचा पट्टा आणि तोंडाला बांधायची जाळी, कारण दुखत असलं की आपलंच कुत्रंही चावतं. शेजारच्या काकूंकडे घराची एक किल्ली असते, त्यांनाही ती पिशवी कुठे आहे ते दाखवून ठेवलंय.